कोशाच्या तंतूतील रेणू कोणत्या दिशेने आहेत? रामन मॅपमधील गडद पट्ट्यांविषयी प्रश्न

कोसातंतू | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार. मी नागपुरात पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते. तसर, म्हणजे आपण विदर्भात ज्याला कोसा म्हणतो, त्या रेशमाच्या एकेका तंतूतील प्रथिनसाखळ्या तंतूच्या अक्षाशी किती समांतर बसल्या आहेत हे रामन सूक्ष्मदर्शकाने जागोजागी मोजणे, हे माझे काम आहे. (रामन तंत्रात नमुन्यावर लेझर टाकून, रेणूंच्या कंपनांमुळे तरंगलांबी बदलून परतणारा प्रकाश मोजतात.) कोष भंडारा जिल्ह्यातून, ऐनाच्या झाडांवर वाढवलेल्या अळ्यांचे आणले आहेत. साबण आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते उकळून वरचा डिंक काढला, तंतू सोडवला, काचपट्टीवर दोन्ही टोके चिकटपट्टीने दाबून ठेवली आणि ७८५ नॅनोमीटरच्या लेझरने पन्नास बाय पन्नास मायक्रोमीटरचा मॅप, म्हणजे त्या चौकोनातील प्रत्येक बिंदूचा वर्णपट, घेतला.

माहीत नसणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की, रेशमातील साखळ्या बीटा-पत्रांच्या रूपात शेजारी शेजारी बसतात आणि त्यांतील कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध साखळीला जवळजवळ काटकोनात असतात. विणकराच्या भाषेत साखळी हा ताणा आणि हे बंध, त्यांच्यातून शेजारच्या साखळीला जाणाऱ्या हायड्रोजन बंधांसह, हा बाणा. या बंधांच्या कंपनाचे अमाइड-१ नावाचे पीक, म्हणजे वर्णपटातील शिखर, १६६५ प्रति सेंटीमीटरच्या आसपास येते (पीकचे पुढचे आकडेही याच एककात). त्यामुळे लेझरचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा, तंतूला लंब ठेवले की हे पीक उंच व्हावे आणि समांतर ठेवले की बुटके व्हावे, अशी अपेक्षा आहे.

माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, १६६५ च्या पीकची उंची रंगात दाखवल्यावर तंतूच्या लांबीच्या दिशेने गडद आणि उजळ पट्टे दिसतात. माझ्या मार्गदर्शकांच्या मते गडद पट्टा म्हणजे साखळ्या विस्कटलेला भाग, आणि एका परिषदेसाठी तसा गोषवारा तयारही झाला आहे. मला मात्र ते तितके सरळ वाटत नाही. दुसरी अडचण अशी की, काचपट्टी ९० अंशांत फिरवली तर लंब आणि समांतर यांच्यातील फरक दुपटीहून अधिक येतो, पण काचपट्टी जागेवर ठेवून हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवणाची दिशा वळवणारी चकती) आणि अ‍ॅनालायझर (परतणाऱ्या प्रकाशातील एकाच दिशेचे ध्रुवण पुढे सोडणारा भाग) फिरवले तर तोच फरक जेमतेम सव्वापट येतो. तंतू तोच आणि जागाही तीच असताना असे का व्हावे? शिवाय मॅपमध्ये मधूनमधून फार तेजस्वी ठिपके येतात, त्यांचाही उलगडा होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


धरमपेठकर | शनिवार, रात्री ११.३५

आपली शंका रास्त आहे. गोषवारा अजून पाठवला नसेल तर थांबवावा.

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटल्याशिवाय पहिलीवर बोलण्यात अर्थ नाही. काचपट्टी फिरवताना यंत्रातील एकही भाग हलत नाही. तंतूतून सुटलेला जो प्रकाश अ‍ॅनालायझरमधून पुढे जातो, तो दोन्ही वेळा ग्रेटिंगवर, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबी वेगळ्या करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीवर, एकाच ध्रुवणाने पडतो. हाफ-वेव्ह प्लेट आणि अ‍ॅनालायझर फिरवता तेव्हा मात्र ग्रेटिंगवर पडणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण बदलते, आणि ग्रेटिंगच्या रेघांना समांतर असलेला प्रकाश आणि लंब असलेला प्रकाश यांना ग्रेटिंग सारखी वागणूक देत नाही. हा पक्षपात तरंगलांबीप्रमाणेही बदलतो. म्हणजे सव्वापट या आकड्यात तंतूचा स्वभाव किती आणि ग्रेटिंगचा किती, हे आपल्याला आज सांगता येणार नाही. अ‍ॅनालायझर आणि स्पेक्ट्रोमीटरची फट यांच्यामध्ये ध्रुवण विस्कटणारा स्क्रॅम्बलर बसवणे, किंवा तिथे दुसरी हाफ-वेव्ह प्लेट ठेवून ग्रेटिंगपाशी ध्रुवण नेहमी एकाच दिशेला आणणे, हे यावरचे दोन नेहमीचे उपाय आहेत. आणखी एक पाहावे. लेझरला नमुन्याकडे वळवणारा तिरका फिल्टर रेषीय ध्रुवण फक्त दोनच दिशांना शुद्ध ठेवतो. मधल्या कोनांना, विशेषतः ४५ अंशांच्या जवळपास, तो ते लंबवर्तुळाकार करून टाकू शकतो.

यंत्राची परीक्षा घ्यायला महागडे काही लागत नाही. प्रयोगशाळेत पीक जुळवण्यासाठी सिलिकॉनचा जो तुकडा असतो, तो बहुधा १०० कापाचा, म्हणजे स्फटिकाच्या १०० या पातळीला समांतर कापलेला, असतो. असा तुकडा मोडताना ज्या सरळ कडेने मोडतो, ती कड लेझरच्या ध्रुवणाला समांतर ठेवावी. आता ५२० चे पीक अ‍ॅनालायझर समांतर असताना सर्वांत उंच आणि आडवा असताना शून्य यायला हवे. तुकडा ४५ अंश फिरवला की नेमके उलट व्हायला हवे, आणि दोन्ही वेळच्या सर्वांत उंच पीकची उंची सारखी यायला हवी. ती सारखी आली नाही तर जो फरक पडेल तोच ग्रेटिंगचा पक्षपात, आणि जिथे शून्य अपेक्षित आहे तिथे जे काही उरेल ती ध्रुवणाची गळती. मात्र हा पक्षपात ५२० जवळचा झाला. ७८५ च्या लेझरने ५२० चे पीक ८१८ नॅनोमीटरला पडते आणि आपले १६६५ चे पीक ९०३ नॅनोमीटरला. तेवढ्या अंतरात ग्रेटिंगचा स्वभाव बराच बदलू शकतो. म्हणून सायक्लोहेक्झेन या द्रवाचा वर्णपटही घ्यावा. त्याच्या १४४४ च्या पीकचे आडव्या आणि समांतर तीव्रतेचे गुणोत्तर रेणूच्या सममितीमुळे ०.७५ इतकेच असायला हवे, आणि ८०१ च्या पीकचे त्याहून पुष्कळ कमी. १४४४ चे पीक ८८५ नॅनोमीटरला पडत असल्याने ते आपल्या कामाच्या जागेजवळचे आहे. ही मोजणी कमी शक्तीच्या ऑब्जेक्टिव्हने, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाने, करावी.

ऑब्जेक्टिव्हचा विषय निघालाच आहे तर, आपण कोणता वापरता ते लिहिलेले नाही. शंभरपट, ०.९ न्यूमरिकल अ‍ॅपर्चरचा असेल तर कडेचे किरण नमुन्यावर ६४ अंशांच्या कोनात येतात, आणि अशा तिरक्या किरणांमुळे नमुन्याच्या पातळीला लंब असलेला विद्युतक्षेत्राचा घटकही तयार होतो. तोही रेणूंना हलवतो आणि आपण ज्याला शुद्ध समांतर मानतो त्यात भेसळ करतो. ०.५ च्या ऑब्जेक्टिव्हला हा कोन ३० अंश असतो आणि ठिपका ७८५ ला साधारण ०.९६ मायक्रोमीटरचा, ०.९ ला तो ०.५३ चा. अर्ध्या मायक्रोमीटरच्या लोभाने दिशेच्या मोजमापात भेसळ पत्करणे मला पटत नाही, विशेषतः कोशाचा तंतू मुळातच कित्येक मायक्रोमीटर रुंद असताना.

आता पट्ट्यांकडे येतो. १६६५ चे पीक एखाद्या ठिकाणी बुटके येण्याची निदान तीन वेगळी कारणे आहेत. तिथे पृष्ठभाग उंचसखल असल्याने फोकस चुकला, तर १६६५ एकटे खाली येत नाही; १४५० च्या आसपासचे सी-एच कंपनांचे पीकही त्याच प्रमाणात खाली येते. साखळ्यांची दिशा बदलली असेल, तर दिशेची फारशी पर्वा न करणारे १४५० जागेवर राहते, १६६५ लंब ध्रुवणात घटते आणि समांतर ध्रुवणात त्याच जागी वाढते. आणि साखळ्या खरोखरच बीटा-पत्र सोडून विस्कटल्या असतील, तर पीकची केवळ उंची बदलत नाही. ते रुंद होते आणि त्याचे माथे सरकते. फक्त उंचीचा मॅप या तिन्हींना एकाच गडद रंगात दाखवतो. मार्गदर्शकांचे म्हणणे तिसऱ्या कारणाचे आहे, आणि आपल्याकडचा पुरावा तिन्हींना सारखाच लागू पडतो.

थोडे अवांतर. ध्रुवण हा रामन परिणामाला मागाहून जोडलेला विषय आहे असा पुष्कळांचा समज असतो. १९२८ मध्ये कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांच्यासमोर हा नवा प्रकाश म्हणजे फ्लुओरेसन्सच, म्हणजे पदार्थाने प्रकाश शोषून पुन्हा सोडलेली चमकच, तर नव्हे ना, असा प्रश्न होता. तो तसा नाही याची एक मोठी खूण म्हणजे तो ठळकपणे ध्रुवित होता. आणि त्याच रामन यांनी १९१० मध्ये वित्त खात्याच्या बदलीवर काही महिने आपल्या नागपुरात काढले होते, हेही आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.


सूतकताई | रविवार, सकाळी ८.०५

यंत्राविषयी धरमपेठकर सरांनी लिहिले आहे. मी तंतूविषयी लिहिते, कारण माझे अर्धे आयुष्य तंतू हाताळण्यात गेले आहे, कापसाचे अधिक आणि कोशाचे थोडे.

ताई, दोन टोके चिकटपट्टीने दाबून तंतू काचेवर ठेवणे हेच मला पटले नाही. कोशाचा तंतू तुतीच्या रेशमासारखा गोलसर नसतो. तो फितीसारखा चपटा असतो, त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने रेषा असतात आणि आत बारीक पोकळ्याही असतात. अशी फीत मोकळी सोडली तर ती कुठे ना कुठे पीळ घेते आणि कडेवर उभी राहते. ती काचेवर सपाट पडली आहे असे भिंगातून वाटते, पण पिळाच्या जागी तिचा अक्ष काचेच्या पातळीतून वर किंवा खाली झुकलेला असतो. साखळ्या आपल्या जागी सरळच असतात, फक्त त्या आपल्याकडे तिरक्या पाहत असतात, आणि मॅपला त्यातले काहीच कळत नाही.

आम्ही ताणचाचणीसाठी करतो तसे करून पाहा. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यात एक सेंटीमीटरची चौकोनी खिडकी कापा, तंतू खिडकीवरून सरळ धरा, एका टोकाला डिंकाचा थेंब टाकून वाळू द्या, मग दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा लोंबता ठेवून त्याच्या वजनाने पीळ उकलू द्या आणि नंतरच तेही टोक चिकटवा. ओढू नका, ओढलात तर आपणच साखळ्या सरळ कराल आणि त्याचे श्रेय अळीला द्याल. पुठ्ठ्याची चौकट सूक्ष्मदर्शकाखाली फिरवणेही सोपे जाते. मात्र फिरवल्यावर तीच जागा परत सापडावी म्हणून तंतूजवळ पुठ्ठ्यावर सुईने खूण करायला विसरू नका.

तेजस्वी ठिपक्यांबद्दल माझा अंदाज असा आहे की, ते रेशमाचे नाहीतच. कोशाच्या बाहेरच्या थरावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक असतात, आणि उकळताना ते सगळे जातात असे नाही. त्या ठिपक्यावरचा एक वर्णपट उघडून बघा. १४६३ आणि १४९० ला दोन टोकदार जुळी पीक दिसली, आणि ८९६ च्या आसपास आणखी एक, तर तो ऑक्झॅलेटचाच स्फटिक. आणि लक्षात घ्या, त्यातले १४६३ आपल्या १४५० ला खेटून आहे. धरमपेठकर सर म्हणतात तसा १४५० ने भाग द्यायला जाल तेव्हा ज्या ठिकाणी हा स्फटिक असेल, तिथे भाजकच फुगलेला असेल आणि खोटा गडद ठिपका तयार होईल. ते बिंदू आधी वगळायला हवेत.

७८५ चा लेझर घेतलात ते बरे केले. कोशाचा तपकिरी रंग टॅनिनमुळे असतो आणि ५३२ च्या हिरव्या लेझरखाली त्याचा फ्लुओरेसन्स इतका येतो की पीक शोधावे लागतात. पण रंग आहे म्हणजे उष्णता शोषणेही आहे. एकाच बिंदूवर ओळीने दहा वर्णपट घ्या. पहिला आणि दहावा जुळत नसतील तर लेझरने तंतू भाजत आहे. ही चाचणी घेतली होती का?


कोसातंतू | मंगळवार, सायंकाळी ६.५०

धरमपेठकर सर आणि सूतकताई ताई, दोघांचेही मनापासून आभार. (सूतकताई या नावापुढे ताई लावताना क्षणभर थबकले, क्षमस्व.)

सोमवारी दिवसभर फक्त सिलिकॉन आणि सायक्लोहेक्झेन केले. सिलिकॉनची दोन सर्वांत उंच पीक सारखी यायला हवी होती, ती आली नाहीत, आणि जिथे शून्य हवे होते तिथेही छोटे पीक स्पष्ट उभे होते. मी शंभरपट, ०.९ चा ऑब्जेक्टिव्ह वापरत होते. तो काढून ०.५ चा लावल्यावर शून्याच्या जागचे पीक पुष्कळ खाली गेले, पण दोन उंचींतला फरक तसाच राहिला. म्हणजे गळती बव्हंशी ऑब्जेक्टिव्हची आणि पक्षपात ग्रेटिंगचा, असा अर्थ मी लावते आहे. स्क्रॅम्बलर आमच्याकडे नाही. त्यामुळे यापुढे काचपट्टी, म्हणजे आता पुठ्ठ्याची चौकट, फिरवूनच मोजायचे ठरवले आहे.

ठिपक्यांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. १४६३ आणि १४९० ची जोडी इतकी स्वच्छ होती की, इतके दिवस ती मी पाहिली कशी नाही याचेच आश्चर्य वाटले. मी १६०० ते १७०० एवढाच भाग कापून घेत होते, हे त्याचे उत्तर. दहा वर्णपटांची चाचणी घेतलेली नव्हती. घेतली तेव्हा लेझर निम्म्यावर आणावा लागला.

आता पुढचा प्रश्न. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले आहे की, नुसते लंब आणि समांतर यांचे गुणोत्तर न देता पी-२ आणि पी-४ हे दिशासूचक गुणांक काढावेत, कारण आता तेच मागितले जातात. पी-२, म्हणजे साखळ्या अक्षाशी सरासरी किती समांतर आहेत याचे माप, मला समजतो. पी-४ ची गरज काय, आणि तो माझ्या मोजमापातून निघेल का?


अंबाझरी_पाळ | मंगळवार, रात्री १०.२०

या प्रश्नावर काही वर्षे डोके घासले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अवरक्त शोषणात प्रकाश रेणूला त्याची दिशा एकदाच विचारतो, त्यामुळे तिथे कोसाइनचा वर्ग येतो आणि त्याच्या सरासरीतून फक्त पी-२ निघतो. रामन प्रक्रियेत तो दोनदा विचारतो, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना, म्हणून कोसाइनचा चौथा घात येतो आणि पी-४ हाती लागतो. साखळ्या पूर्ण समांतर असतील तर पी-२ एक येतो, पूर्ण लंब असतील तर उणे अर्धा, आणि वाट्टेल त्या दिशांना विखुरल्या असतील तर शून्य. पण शून्य यायचा आणखी एक मार्ग आहे. सगळ्या साखळ्या अक्षाशी नेमका ५४.७ अंशांचा कोन करून शिस्तीत उभ्या असतील, तरीही पी-२ शून्यच येतो. पी-४ इथे फरक सांगतो: विखुरलेल्या साखळ्यांसाठी तो शून्य असतो आणि ५४.७ अंशांच्या शिस्तीसाठी उणे ०.३९. पाटाच्या पाण्यासारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या साखळ्या आणि छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या साखळ्या यांतला फरक नुसत्या पी-२ ने कळत नाही, तो असा.

कोशाच्या बाबतीत छत्रीची शक्यता कमी आहे, कारण अळी डोके हलवत तंतू ओढून काढते आणि ओढण्याच्या दिशेनेच साखळ्या बसतात. तेव्हा पी-४ हवाच असे नाही. तरी तो काढायचा असेल तर काय लागते, ते सांगतो. दोन समांतर मोजमापे, एक तंतूच्या दिशेने आणि एक तंतूला आडवे, आणि त्यांच्या जोडीला आडव्या अ‍ॅनालायझरची दोन मोजमापे, अशी चार लागतात. आडव्या अ‍ॅनालायझरचा प्रकाश ग्रेटिंगवर वेगळ्या ध्रुवणाने पडतो, म्हणून सिलिकॉन आणि सायक्लोहेक्झेनवरून काढलेला पक्षपाताचा भागाकार तिथे लावावाच लागेल. चौकट फिरवून त्यातून सुटका नाही.

यापुढची अडचण अधिक अवघड आहे. अमाइड-१ च्या कंपनाचा रामन टेन्सर, म्हणजे तो बंध कोणत्या दिशेच्या प्रकाशाला किती प्रतिसाद देतो याचे माप, आधी माहीत असावे लागते. ते काढायला साखळ्या सर्व दिशांना विखुरलेला, पण रचना तीच असलेला नमुना हवा. त्याच्या आडव्या-समांतर गुणोत्तरावरून टेन्सरचा एक आकडा सुटतो. हे समीकरण वर्गसमीकरण असते, त्यामुळे उत्तरे दोन येतात. उदाहरणार्थ गुणोत्तर ०.२५ धरले तर एक उत्तर सुमारे ०.०८ आणि दुसरे सुमारे उणे ३.०८ येते. कोणते घ्यायचे हे बंधाची रचना पाहून ठरवावे लागते. संगणकाला विचारल्यास तो त्याला आधी जे सापडेल ते देतो, आणि मग पी-२ एक पेक्षा मोठा आला म्हणून माणूस रात्रभर डोके धरून बसतो. हा अनुभव माझा स्वतःचा आहे.

विखुरलेला नमुना मिळवायला तुतीच्या रेशमाचे लोक तंतू लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवून पातळ पापुद्रा ओततात. कोसा त्या द्रावणाला सहज दाद देत नाही. आणि दिलीच, तरी ओतलेल्या पापुद्र्यातील साखळ्या बीटा-पत्रात असतील याची खात्री नसते. वेगळ्या रचनेचा टेन्सर आपल्या तंतूला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणे. मी तंतू अगदी बारीक कातरून, चूर्ण दाबून वडी केली होती आणि तिच्यावरच्या शंभर-दीडशे जागांची सरासरी घेतली होती. त्यातही प्रकाश कणाकणांवर आपटत राहिल्याने ध्रुवण विस्कटते आणि गुणोत्तर खऱ्यापेक्षा मोठे येते. म्हणजे तोही पूर्ण उपाय नाही.

द्विअपवर्तनाचा, म्हणजे तंतूच्या दिशेने आणि आडव्या ध्रुवणाच्या प्रकाशाचा वेग वेगळा असण्याचा, विषय राहिला. समजा, तंतूच्या दिशेचा आणि आडवा अपवर्तनांक यांत ०.०३ चा फरक आहे. तर ७८५ च्या प्रकाशाला साडेसहा मायक्रोमीटर खोलीतच पाव तरंगाचा फरक पडतो आणि ४५ अंशांचे रेषीय ध्रुवण तिथे वर्तुळाकार होते. म्हणून तंतूच्या समांतर आणि लंब याच दोन दिशांवर भिस्त ठेवावी आणि फोकस पृष्ठभागाजवळ ठेवावा. दर दहा अंशांनी फिरवून काढलेला देखणा वक्र पृष्ठभागाखाली गेलात की फसवतो.


धरमपेठकर | बुधवार, सकाळी ७.१५

अंबाझरी_पाळ यांच्या गणिताशी मी सहमत आहे, पण कोसातंतू यांना पी-४ च्या मागे लावण्याशी नाही. आपला मूळ प्रश्न एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करण्याचा आहे. त्याला १६६५ भागिले १४५० हे गुणोत्तर लंब आणि समांतर अशा दोन स्थितींत, तसेच पीकची रुंदी आणि स्थान, एवढे पुरते. टेन्सरविषयीचे गृहीतक त्यात शिरत नाही. चार स्थितींचे मॅप म्हणजे वेळेचाही प्रश्न आहे: एक मायक्रोमीटरच्या पावलाने पन्नास बाय पन्नासचा मॅप २५०० बिंदूंचा होतो, आणि दर बिंदूला एक सेकंद धरला तरी ४२ मिनिटे लागतात. चार मॅपना पावणेतीन तास. नागपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन यंत्र चालू-बंद होत असताना पावणेतीन तास स्टेज अर्ध्या मायक्रोमीटरच्या आत स्थिर राहील, यावर मी पैज लावणार नाही. काहीही केलेत तरी शेवटी पहिलाच मॅप पुन्हा एकदा घ्यावा. तो पहिल्याशी जुळला नाही तर मधले सगळे संशयास्पद.

मॅपऐवजी तंतूला आडव्या जाणाऱ्या तीन रेषा मोजल्या तरी पट्ट्यांचा निकाल लागेल. पन्नास बिंदूंच्या रेषेला एक मिनिटही लागत नाही, मग दर बिंदूला दहा सेकंद देऊन पीक स्वच्छ मिळवता येते, आणि रुंदीतला फरक ओळखायला ती स्वच्छता लागतेच.


अंबाझरी_पाळ | बुधवार, सकाळी ९.४०

रेषांची सूचना चांगली आहे, ती मला सुचायला हवी होती. पी-४ बाबत एवढेच म्हणतो की, लेख तपासणारा तो मागेल तेव्हा "आम्ही काढला नाही, कारण विखुरलेला नमुना विश्वासार्ह नव्हता" असे कारणासह लिहिता आले पाहिजे. ते कारण लिहायला वडीचा प्रयोग एकदा तरी करून ठेवावा.


कोसातंतू | शुक्रवार, रात्री ८.३०

तीन रेषा झाल्या. तंतू पुठ्ठ्याच्या चौकटीवर, ०.५ चा ऑब्जेक्टिव्ह, दर बिंदूला दहा सेकंद, लेझर निम्म्यावर, ऑक्झॅलेटचे बिंदू वगळलेले. १४५० ने भागल्यावर जवळजवळ सगळे पट्टे पुसले गेले. म्हणजे ते तंतूच्या अंगावरच्या रेषांमुळे फोकस बदलून आलेले होते. भिंगातून दिसणाऱ्या रेषांशी ते एकास एक जुळतातही. तंतूच्या एका कडेला दोन जागा मात्र उरल्या. तिथे लंब ध्रुवणात १६६५ घटते, चौकट ९० अंश फिरवून समांतर केल्यावर त्याच जागी ते शेजारच्या बिंदूंपेक्षा किंचित वाढते, आणि पीकची रुंदी व स्थान आहे तसेच राहते. साखळ्या विस्कटल्याचे चिन्ह कुठेच नाही. त्या तिथे वळलेल्या आहेत.

मार्गदर्शकांना तिन्ही रेषा आणि जुना मॅप शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग सिलिकॉनचे आकडे मागितले. गोषवाऱ्यातून "विस्कटलेले पट्टे" हे शब्द काढले आहेत.


सूतकताई | शुक्रवार, रात्री ९.००

त्या दोन जागा कडेलाच आहेत म्हणता, तर फितीची कड तिथे दुमडलेली नाही ना, हे आधी पाहा. चौकट हाती आहेच. ती उलटी करून मागच्या बाजूने तीच रेषा मोजा. साखळ्या खरोखर वळलेल्या असतील तर मागूनही दिसाव्यात, आणि नुसती दुमड असेल तर मागच्या बाजूला ती साध्या प्रकाशातसुद्धा डोळ्यांना दिसेल.